शिक्षा आधी, निकाल नंतर : फुटबॉलच्या शिस्तपालन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
शिस्तपालन व अपील समित्या,
फिफा, युएफा (युरोपीय फुटबॉल महासंघ) आणि राष्ट्रीय फुटबॉल संघटना

विषय : व्यावसायिक फुटबॉलमधील फसवणुकीच्या आरोपांची चौकशी आणि त्यांवर दिल्या जाणाऱ्या शिक्षा

सन्माननीय सदस्यहो,

३१ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमधील एका स्वतंत्र नियामक आयोगाचा निर्णय जाहीर झाला. वेस्ट हॅम युनायटेडचा ब्राझिलियन मध्यरक्षक लुकास पाकेटा याने सट्टाबाजारावर परिणाम व्हावा म्हणून चार सामन्यांत मुद्दाम पिवळे कार्ड ओढवून घेतले, हा इंग्लिश फुटबॉल संघटनेचा आरोप आयोगाच्या मते सिद्ध झाला नाही. चौकशीत सहकार्य न केल्याचे दोन दुय्यम आरोप मात्र सिद्ध झाले आणि ते मी येथे लपवू इच्छित नाही. पण मुख्य आरोप, ज्यासाठी त्याच्यावर आजन्म बंदी येऊ शकते असे महिनोन्‌महिने छापून येत होते, तो टिकला नाही. चौकशी चालू असल्याचे जगाला कळले ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि मँचेस्टर सिटीकडे होऊ घातलेले त्याचे स्थलांतर तेव्हाच बारगळले. आरोपपत्र आले २३ मे २०२४ रोजी. संशय उघड झाल्यापासून निकालापर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली आणि ती एका खेळाडूची पंचविशी ते सत्ताविशी या वयातली होती. या काळात त्याला निलंबित केले गेले नाही, तो खेळत राहिला, हे संघटनेच्या बाजूने नोंदवायला हवे. मे २०२५ मध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात त्याला पिवळे कार्ड दाखवले गेले तेव्हा तो मैदानावरच रडू लागला, हेही नोंदवायला हवे. ज्या कृतीसाठी तुमची कारकीर्द संपवली जाऊ शकते, तीच कृती खेळाच्या ओघात पुन्हा घडते, त्या क्षणी माणूस कोणत्या अवस्थेत असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?

निर्दोष ठरल्यावर त्याला काय परत मिळाले, हा प्रश्न मी गेले काही महिने स्वतःला विचारतो आहे. उत्तर सापडत नाही, म्हणून हे पत्र. ते आपल्याला उद्देशून आहे, पण खेळ पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावे म्हणून जाहीरपणे लिहितो आहे.

मी कोण, हे आधी सांगितले पाहिजे. मी व्यावसायिक पातळीवर कधीच पोहोचलो नाही. सतरा वर्षे हौशी आणि कुमार गटांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो, म्हणजे आपण ज्या साखळीचे वरचे टोक आहात तिचे मी खालचे टोक होतो. अशाच एका सामन्यात पेनल्टी क्षेत्रात एक मुलगा पडला. माझ्या आणि त्याच्यामध्ये दोन बचावपटू होते. मला धक्का दिसला नाही, फक्त पडणे दिसले. त्याला आधीच एक पिवळे कार्ड मिळालेले होते. पंचाची फसवणूक करण्याचा प्रयत्न केला म्हणून मी दुसरे पिवळे, आणि म्हणून लाल, कार्ड दाखवले. तो लंगडत बाहेर गेला आणि तेही मला नाटकच वाटले. संध्याकाळी कळले की त्याच्या पावलाचे हाड मोडले होते. मी अहवालात स्पष्ट लिहिले की माझा निर्णय चुकला आणि त्या मुलावरचा फसवणुकीचा शेरा काढून टाकावा. संबंधित समितीचे उत्तर दोन ओळींचे होते : खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम असतो. नियम पाच तसे म्हणतो, हे खरेच आहे. पायाच्या दुखापतीमुळे तो पुढचे सामने खेळणारच नव्हता, त्यामुळे बंदीचा त्याला काही जाच झाला नाही. पण पुढच्या हंगामात तो मैदानात उतरला तेव्हा कडेला उभे असलेले लोक त्याला ‘नाटक्या’ म्हणून हाक मारत होते. ते नाव मी दिले होते आणि ते परत घेण्याची सोय माझ्याकडे नव्हती.

तेव्हा मी शिक्षा भोगणाऱ्यांच्या वतीने बोलत असलो, तरी देणाऱ्यांच्या रांगेतून बोलतो आहे, हे लक्षात घ्यावे.

फसवणूक करणाऱ्यांना सोडून द्या, असे मी म्हणत नाही. ३ सप्टेंबर १९८९ रोजी ब्राझीलमधील माराकाना मैदानावर चिलीचा गोलरक्षक रॉबर्टो रोहास याने प्रेक्षकांतून फेकलेली पेटती नळी आपल्याला लागल्याचे भासवले आणि हातमोज्यात लपवलेल्या पात्याने स्वतःचे कपाळ कापून घेतले. चिलीचा संघ मैदान सोडून गेला. छायाचित्रांत नळी त्याच्यापासून दूर पडल्याचे दिसले आणि पुढे त्याने स्वतः कबुलीही दिली. त्याच्यावर आजन्म बंदी आली, ती २००१ मध्ये उठवली गेली. एवढी मोठी शिक्षा मला मान्य होते, कारण तिच्यामागे पुरावा होता आणि तो कोणालाही पाहता येत होता. माझी तक्रार शिक्षेच्या कडकपणाविषयी नाही. ती शिक्षा कधी, कशाच्या बळावर, किती आणि कोणाला दिली जाते याविषयी आहे.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर तक्रार वेळेविषयी आहे.

मामादू साखो हे नाव आपल्या कागदपत्रांत असेलच. मार्च २०१६ मध्ये युरोपा लीगच्या एका सामन्यानंतर लिव्हरपूलच्या या बचावपटूच्या नमुन्यात हिजेनामिन हे द्रव्य आढळले. ते त्याने घेतलेल्या चरबी कमी करणाऱ्या गोळ्यांतून आले होते. एप्रिलच्या मध्यावर डॉर्टमुंडविरुद्धच्या त्या अविस्मरणीय ४-३ सामन्यात तो गोल करत होता आणि त्याच महिन्याच्या अखेरीस युएफाने त्याला ३० दिवसांसाठी तात्पुरते निलंबित केले. त्या ३० दिवसांत १८ मे रोजी बाझेल येथे युरोपा लीगचा अंतिम सामना झाला. लिव्हरपूल तो सेव्हियाकडून १-३ असा हरले. त्याच ३० दिवसांत युरो २०१६ साठी फ्रान्सचा संघ निवडला गेला. स्पर्धा त्याच्या स्वतःच्या देशात होती आणि संघात त्याचे नाव नव्हते. पुढे चौकशीत प्रश्न असा निघाला की ते द्रव्य बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत मुळात बसते का. यादीत त्याचे नाव स्पष्टपणे नव्हतेच. ८ जुलै रोजी, युरोच्या अंतिम सामन्याला दोन दिवस उरले असताना, युएफाच्या समितीने प्रकरण निकाली काढले आणि साखो निर्दोष ठरला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच्याविषयी केलेल्या विधानांबद्दल लंडनच्या न्यायालयात माफी मागून भरपाई देण्याचे मान्य केले, ते नोव्हेंबर २०२० मध्ये. साडेचार वर्षांनी आलेल्या त्या माफीला मराठीत ‘वरातीमागून घोडे’ म्हणतात.

आपण म्हणाल की तात्पुरते निलंबन ही शिक्षा नव्हे, ती खबरदारी असते. कागदावर हे बरोबर आहे. पण फुटबॉलपटूची व्यावसायिक कारकीर्द बहुधा दहा-पंधरा वर्षांची असते. त्यात युरोपीय अंतिम सामना एखाद-दुसऱ्या वेळी वाट्याला येतो आणि मायदेशातली मोठी स्पर्धा तर बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. एखाद्या कारकुनाला चौकशी होईपर्यंत पगार देऊन घरी बसवले आणि निर्दोष ठरल्यावर पुन्हा त्याच खुर्चीत बसवले, तर त्याचे नुकसान भरून निघू शकते. साखोला २०१६ चा मे महिना कोण परत देणार? पुढे दोषी ठरल्यास तात्पुरत्या निलंबनाचे दिवस अंतिम बंदीतून वजा होतात, ही तरतूद आपण केलेली आहे. दोषी माणसाच्या हिशेबात हे दिवस धरले जातात आणि निर्दोष माणसाच्या हिशेबात ते कोठेच धरले जात नाहीत, ही विसंगती कोणाच्या लक्षात कशी आली नाही?

पेरूचा कर्णधार पाओलो गेरेरो याच्या प्रकरणात घड्याळ आणखी विचित्र चालले. ऑक्टोबर २०१७ मध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या पात्रता सामन्यानंतर त्याच्या नमुन्यात कोकेनशी संबंधित अंश आढळला. तो चहातून आला, असे त्याचे म्हणणे होते. फिफाने आधी एक वर्षाची बंदी घातली, मग अपिलात ती सहा महिन्यांवर आणली. ती भोगून तो परतला आणि मे २०१८ मध्ये, विश्वचषक महिन्यावर आलेला असताना, क्रीडा लवादाने, म्हणजे खेळांतील वादांच्या आंतरराष्ट्रीय अपील न्यायालयाने, ती चौदा महिन्यांवर नेली. खेळ सुधारण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे लवादानेही मान्य केले होते. पेरू ३६ वर्षांनी विश्वचषकात पोहोचला होता. गटातील प्रतिस्पर्धी फ्रान्स, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कर्णधारांनी एकत्र पत्र लिहून त्याला खेळू द्यावे अशी विनंती केली. शेवटी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदीला तात्पुरती स्थगिती दिली, तो खेळला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोलही केला आणि स्पर्धेनंतर उरलेली बंदी भोगायला गेला. ज्यांना त्याच्या नसण्याचा सर्वांत जास्त फायदा होता, त्या तिघांनाही हा अन्याय वाटला, यावर मी आणखी काय लिहावे?

आता याच वेळेची दुसरी बाजू पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये युएफाने मँचेस्टर सिटीवर आर्थिक नियमांच्या भंगाबद्दल युरोपीय स्पर्धांतून दोन हंगामांची बंदी आणि ३ कोटी युरोंचा दंड लादला. जुलैमध्ये क्रीडा लवादाने बंदी रद्द केली आणि दंड १ कोटींवर आणला. आरोपांपैकी बहुतेक एकतर सिद्ध झाले नाहीत किंवा पाच वर्षांची मुदत उलटून गेल्यामुळे विचारात घेता आले नाहीत. प्रीमियर लीगने याच क्लबवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवले. त्यांची सुनावणी सुरू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. क्लबने सर्व आरोप नाकारले आहेत आणि ते खरे की खोटे, याविषयी मला काहीही म्हणायचे नाही. मला एवढेच दिसते की वेळ खेळाडूच्या विरुद्ध धावते आणि ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याच्या बाजूने उभी राहते. जो एकटा आहे त्याच्यासाठी ३० दिवस पुरेसे होतात, आणि जो बलाढ्य आहे त्याच्यासाठी पाच वर्षेही कमी पडतात.

दुसरी तक्रार पुराव्याविषयी आहे आणि ती थोडक्यात मांडता येते. इंग्लिश संघटनेच्या चौकशीत आरोप ‘अधिक संभवनीय’ वाटला की तो सिद्ध मानला जातो. फिफाच्या शिस्तसंहितेत समितीच्या सदस्यांचे पुरेसे समाधान झाले पाहिजे असे म्हटले आहे. दिवाणी दाव्यात पैशांचा वाद सोडवायला हे माप चालेल. पण त्याच मापाने एका सामन्याची बंदीही मोजली जाते आणि आजन्म बंदीही. माणसाचा व्यवसाय कायमचा काढून घ्यायचा असेल तर ‘झाले असण्याची शक्यता जास्त’ एवढ्यावर भागू नये. पाकेटाच्या आयोगाने या सैल मापातही काळजीपूर्वक काम केले, याचे श्रेय मी देतो. पण न्याय सदस्यांच्या सौजन्यावर अवलंबून असू नये, तो नियमात असावा.

तिसरी तक्रार अशी की फसवणूक म्हणजे नेमके काय, हेच आपण ठरवलेले नाही. २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानविरुद्ध ब्राझीलच्या रिवाल्डोच्या पायाला चेंडू लागला आणि तो तोंड धरून कोसळला. चेंडू मारणाऱ्या हाकन उन्सालला दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर जावे लागले. रिवाल्डोला ११,५०० स्विस फ्रँक दंड झाला, पण एकाही सामन्याची बंदी आली नाही, आणि तो पुढे विश्वविजेत्या संघातून खेळला. नोव्हेंबर २००९ मध्ये थिएरी ऑन्रीने आयर्लंडविरुद्ध हाताने चेंडू थोपवून निर्णायक गोलासाठी पास दिला आणि फ्रान्स विश्वचषकाला गेले. फिफाच्या समितीने सांगितले की कारवाईसाठी कायदेशीर आधार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेल्टिकविरुद्ध पेनल्टी मिळवल्याबद्दल आर्सेनलच्या एदुआर्दोला मात्र युएफाने पंचाची फसवणूक केली म्हणून दोन सामन्यांची बंदी घातली. दीड वर्षापूर्वी या खेळाडूचा पाय एका धसमुसळ्या टॅकलमध्ये भयंकररीत्या मोडला होता. समोरून अंगावर येणाऱ्या गोलरक्षकापासून पाय वाचवणे आणि पंचाला फसवणे यांतला फरक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसत नाही. दोन आठवड्यांत अपिलात ती बंदी रद्द झाली, कारण पंचाची फसवणूक झाली हे समितीला पटेल अशा रीतीने सिद्ध झाले नाही. तीन प्रसंग, तीन निराळी मापे. आणि ज्याच्या कृतीने सर्वांत मोठा परिणाम झाला, त्याला काहीच नाही. एदुआर्दोच्या बंदीच्या वेळी वर्तमानपत्रांत जेवढा गदारोळ होता तेवढी जागा ती उठवल्याच्या बातमीला मिळाली नाही, हे मला चांगले आठवते.

येथे एका गोष्टीचे कौतुक करणे मला आवश्यक वाटते. इंग्लंडने २०१७ मध्ये पंचाची यशस्वी फसवणूक करणाऱ्यांसाठी जी पद्धत आणली, तीत एक माजी खेळाडू, एक माजी व्यवस्थापक आणि एक माजी पंच चित्रफीत पाहतात आणि तिघांचे एकमत झाले तरच आरोप ठेवला जातो. प्रीमियर लीगमध्ये या पद्धतीने बंदी आलेला पहिला खेळाडू एव्हर्टनचा उमर नियास होता, नोव्हेंबर २०१७ मध्ये, दोन सामन्यांसाठी. निर्णय काही दिवसांत लागला आणि शिक्षा किती, हे आधीपासून ठाऊक होते. माझ्या सामन्यातल्या त्या मुलासाठी असे तीन जण बसले असते तर मला हे पत्र लिहावे लागले नसते. पण तेथेही एक खोच आहे : फसवणूक यशस्वी झाली, म्हणजे पेनल्टी मिळाली किंवा प्रतिस्पर्धी बाहेर गेला, तरच ही शिक्षा होते. फसलेल्या लबाडीला मैदानावरचे पिवळे कार्ड पुरे. शिवाय त्या पेनल्टीवर झालेला गोल आणि त्यातून मिळालेला गुण क्लबच्या खात्यात तसाच राहतो.

चौथी तक्रार : शिक्षा ज्याने केले त्याला होत नाही. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी, जुलै २०२४ मध्ये, कॅनडाच्या महिला संघाच्या प्रशिक्षकवर्गातील एकाने न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवला. ही फसवणूकच होती आणि मुख्य प्रशिक्षक बेव्ह प्रीस्टमन यांच्यासह तिघांवर फिफाने एक वर्षाची बंदी घातली, ते मला योग्यच वाटते. पण त्याबरोबर संघाचे सहा गुणही कापले गेले, म्हणजे स्पर्धेतले दोन पूर्ण विजय. खेळाडूंचा यात हात असल्याचे कोणीही दाखवले नव्हते. लवादाकडे केलेले अपीलही फेटाळले गेले. त्या मुलींनी न्यूझीलंड, फ्रान्स आणि कोलंबिया या तिघांना हरवले, नऊपैकी तीन गुण हाती ठेवून उपान्त्यपूर्व फेरी गाठली आणि तेथे जर्मनीकडून पेनल्टींवर हरल्या. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही आपल्याकडची म्हण परिस्थितीचे वर्णन करते, न्यायाचे तत्त्व सांगत नाही. याच्या शेजारी जानेवारी २०१९ ची घटना ठेवून पाहा. लीड्स युनायटेडच्या एका कर्मचाऱ्याला डर्बी काउंटीच्या सरावाची टेहळणी करताना पकडले गेले. प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी सर्वच प्रतिस्पर्ध्यांचे सराव पाहिल्याचे उघडपणे सांगितले. शिक्षा २ लाख पौंडांचा दंड एवढीच झाली, एकही गुण गेला नाही आणि सामन्याआधीच्या ७२ तासांत असे करू नये हा स्पष्ट नियम त्यानंतर बनवला गेला. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळ्या स्पर्धा, हे मला कळते. पण कृती एकच असताना एकीकडे दंड आणि दुसरीकडे स्पर्धेतले निम्म्याहून अधिक गुण, एवढे अंतर समजावून सांगणारा एकही कागद मला कोठे सापडलेला नाही.

ल्यूटन टाउनची कथाही याच जातीची. आधीच्या संचालकांच्या काळात दलालांना दिलेल्या नियमबाह्य रकमांबद्दल २००८ मध्ये इंग्लिश संघटनेने या क्लबचे दहा गुण कापले, आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेतील त्रुटीबद्दल लीगने आणखी वीस. तोवर क्लब नव्या मालकांच्या हाती आला होता आणि ज्यांनी तो वाचवायला पैसे घातले, त्यांनी उणे तीसवरून हंगाम सुरू केला. संघ लीगमधून बाहेर फेकला गेला आणि परत यायला २०१४ उजाडले. फक्त व्यक्तींना शिक्षा केली तर क्लब एखाद्या कर्मचाऱ्याचा बळी देऊन मोकळे होतील, हा आपला युक्तिवाद मला माहीत आहे आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच गुण कधीच कापू नयेत असे मी म्हणत नाही. क्लबला फायदा किती झाला आणि तो कोणाच्या आदेशाने झाला, हे आधी ठरवा आणि मगच गुणांना हात लावा, एवढेच म्हणतो.

पाचवी तक्रार शिक्षेच्या आकड्यांविषयी. नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्थिक नियमांच्या भंगाबद्दल एव्हर्टनचे दहा गुण कापले गेले. फेब्रुवारीत अपिलात ते सहा झाले आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गेले. इटलीत युव्हेंटसचे जानेवारी २०२३ मध्ये पंधरा गुण कापले, एप्रिलमध्ये ते परत दिले आणि मे महिन्यात, एम्पोलीविरुद्धचा सामना सुरू होण्याच्या थोडे आधी, दहा पुन्हा कापले. याच क्लबला २००६ च्या पंच-नेमणुकांच्या घोटाळ्यात खालच्या श्रेणीत पाठवताना तीस गुणांची वजाबाकी जाहीर झाली होती, ती सतरावर आणि शेवटी नऊवर आली. फ्रान्सचा खेळाडू पॉल पोग्बा याची उत्तेजक प्रकरणातील चार वर्षांची बंदी क्रीडा लवादाने अठरा महिन्यांवर आणली. अपिलात शिक्षा कमी होणे हे न्यायव्यवस्था जिवंत असल्याचे लक्षण आहे, हे मान्य. पण तीसाचे नऊ होतात आणि चार वर्षांचे दीड वर्ष होते, तेव्हा पहिला आकडा कोणत्या हिशेबाने काढला होता, असे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे. अपील करण्याइतके पैसे नसलेला दुय्यम श्रेणीतला खेळाडू पहिलाच आकडा भोगतो. त्याची बातमीही होत नाही.

या सर्वांवरून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

आरोपपत्रापासून पहिल्या निर्णयापर्यंत जास्तीत जास्त सहा महिने, ही मुदत नियमात लिहावी. तपासयंत्रणेकडून ती पाळली गेली नाही आणि विलंबाला खेळाडू जबाबदार नसेल, तर आरोप रद्द समजावा. क्लबांनी कागदपत्रे देण्यास टाळाटाळ केली तर तेवढा काळ मुदतीतून वगळावा, म्हणजे वेळकाढूपणातून कोणाचा फायदा होणार नाही.

तात्पुरते निलंबन करायचे असल्यास पाच दिवसांच्या आत स्वतंत्र व्यक्तीसमोर सुनावणी व्हावी. द्रव्य यादीत आहे की नाही, याविषयीच शंका असेल तर निलंबन होऊ नये.

एक वर्षापेक्षा मोठ्या बंदीसाठी आणि विशेषतः आजन्म बंदीसाठी, फौजदारी खटल्यात लागतो तेवढ्या ताकदीचा पुरावा बंधनकारक करावा.

शिक्षांचे जाहीर कोष्टक करावे. त्यात प्रत्येक कृतीसाठी किमान आणि कमाल मर्यादा असावी आणि समितीने ती मर्यादा ओलांडल्यास कारण लेखी द्यावे. पंचाच्या फसवणुकीसाठी तिघांच्या एकमताची पद्धत सर्व व्यावसायिक स्पर्धांत लागू करावी. त्याच पद्धतीने, चुकून फसवणूक करणारा ठरवल्या गेलेल्या खेळाडूचे कार्ड आणि शेरा मागे घेण्याचीही सोय करावी, आणि पंच स्वतः चूक कबूल करत असेल तेव्हा तर नक्कीच.

गुण कापण्यापूर्वी खेळाडू किंवा सध्याचे व्यवस्थापन यांचा सहभाग होता की नाही, यावर समितीने वेगळा निष्कर्ष नोंदवावा. सहभाग नसेल तर शिक्षा दंडाच्या आणि व्यक्तींवरील बंदीच्या रूपात असावी.

निर्दोष ठरलेल्या व्यक्तीसाठी आपण गोळा करत असलेल्या दंडांच्या रकमांतून भरपाई निधी उभारावा. आरोप जितक्या ठळकपणे जाहीर केला, तितक्याच ठळकपणे, त्याच संकेतस्थळावर आणि तितकेच दिवस, निर्दोषत्वाचा निर्णय प्रसिद्ध करावा. या शेवटच्या मागणीला पैसाही लागत नाही.

यांपैकी कोणत्या मागण्या आपल्याला मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, हे आपण लेखी कळवावे आणि ते जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे. माझ्या समितीने मला पाठवलेले दोन ओळींचे उत्तर अजून माझ्याजवळ आहे. आपले उत्तर त्याहून थोडे मोठे असेल, अशी अपेक्षा करतो.

आपला,
एक निवृत्त पंच